युक्रेनची अंडी आणि माझी चप्पल

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या तिवाट्यावरची भानामती चपलेनं फोडली. अकराच्या अकरा.

माझी सून सुनीता शाळेत मास्तरीण आहे. दर शनिवारी दुपारी ती गल्लीतली पोरं आमच्या पडवीत जमवते, परमुलखातली एखादी गोष्ट सांगते आणि त्यावर हातानं काहीतरी करून घेते. त्या वेळी युक्रेन निघालं होतं. तिकडं म्हणे डोंगरात एक राक्षस साखळदंडानं बांधलेला आहे. लोक जितकी जास्त अंडी रंगवतील, तितका तो जखडून राहतो. अंड्यावर वितळलेल्या मेणानं नक्षी काढायची, रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, पुन्हा रंग. शेवटी मेण पुसलं की सगळे रंग उघडे पडतात.

"आत्याबाई," सुनीता म्हणाली, (सासूला आमच्याकडं असंच म्हणतात) "तुमच्या कोंबड्यांची अकरा अंडी पाहिजेत."

"खायला?"

"रंगवायला."

"म्हंजे वाया घालायला. ने!"

अंडी दिली, पण बघायला गेले नाही. तीन शनिवार नात रेणू ओरडत होती, "आज्जी, माझं अंडं बघ की!" मी म्हणायची, "साठ वर्षं अंडीच बघायलेय. तुझ्यात काय येगळं हाय?" एकदा नजर टाकली असती तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

रविवारी चार वाजता पोरांचे आईबाप येणार होते. प्रत्येक पोरानं आपलं अंडं हातात धरून त्याची गोष्ट सांगायची, असं ठरलं होतं. सकाळी सुनीतानं अंडी सुपात घालून ओट्यावर तुळशीजवळ वाळत ठेवली आणि पोरांना घेऊन खाऊ आणायला गेली. आमचे मालक माळकरी. तुळशीजवळ अंडी बघून त्यांनी नाकाला उपरणं लावलं, सूप दोन बोटांनी उचललं, समोरच्या तिवाट्यावर नेऊन ठेवलं आणि घरात येऊन झोपले. मी तेव्हा गिरणीत होते.

दळण घेऊन परत येते, तर तिवाट्यावर ही गर्दी! शेजारची गयाबाई तोंडाला पदर लावून उभी.

"काय झालं गं?"

"भानामती, काकू! कोणीतरी लय मोठी करणी केली!"

सुपात काळी-तांबडी अंडी. त्यावर हळदीसारख्या रेघा, आठ टोकांच्या चांदण्या, शिंगांचं एक जनावर, आणि कडेला पिळलेल्या लिंबाच्या फोडी. (रंग पक्का बसावा म्हणून पोरांनी पिळल्या होत्या. हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.)

"मांत्रिकाला बोलवा!" कोणीतरी म्हणालं.

"कशाला?" मी दळणाचा डबा खाली ठेवला. "मी चौथी शिकलेली बाई हाय. असल्या थोतांडाला भेत न्हाई. सरका!"

चप्पल काढली आणि पहिलं अंडं फोडलं.

आत काहीच नाही! ना पांढरं, ना पिवळं!

"आतलं खाल्लं वं बाई!" गयाबाई किंचाळली. अर्धी गर्दी पळाली. खरं सांगते, मलाही घाम फुटला. पण चारचौघांत चप्पल काढल्यावर माघार कशी घ्यायची? उरलेली दहा डोळे मिटून फोडली.

डोळे उघडले, तर समोर सुनीता. हातात चिवड्याची पिशवी, मागं अकरा पोरं.

"आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली, "भोक पाडून आम्हीच रिकामी केली होती. त्याचंच आम्लेट तुम्ही खाल्लं."

एक पोरगं मुसमुसायला लागलं. रेणू रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आज्जी, आता राक्षस सुटला. तूच बांध."

चार वाजता पोरांनी टरफलं तळहातावर घेऊनच गोष्टी सांगितल्या. सगळ्यांत जास्त टाळ्या रेणूच्या "माझं हरीण आज्जीनं मारलं" या गोष्टीला पडल्या.

पुढचे तीन शनिवार मी पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले. कोंबड्या माझ्या, मेण माझ्या पैशाचं, आणि मास्तरीण रेणू. "हळू धर, आज्जी! अंडं हाय, दगड न्हाई."

तिसऱ्या शनिवारी दारात मोटरसायकल थांबली. ताडकळस गावचा एक माणूस उतरला.

"भानामती फोडणाऱ्या आज्जी हितंच राहतात का? आमची म्हैस आटलीय."

मी मान खाली घालून अंड्यावर हरीण काढायचं बघत होते. त्याला अजून दोनच पाय झाले होते.

"हितंच," सुनीता म्हणाली. "पण अंडी तुमची तुमी आणा."