उभ्यानं तपासलेल्या दुरुस्त्या

एका जागी बसणं न जमणारं, माझ्या आतेबहिणीसारखं माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही. ताई पोहे फेऱ्या मारत खाते, फोनवर बोलता बोलता जिना उतरून पुन्हा चढते आणि लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर ठेवून उभ्यानंच काम करते. आत्या म्हणते, हिचं ठरलेलं लग्न मोडलं ते हिच्या येरझाऱ्यांमुळे. साफ खोटं. मुलाकडच्यांनी चहा सांडला म्हणून घरात नव्यानं आलेल्या धाकट्या सुनेला चारचौघांत झापलं आणि ताईनं त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, म्हणून मोडलं. नव्या माणसाला कुणी हिणवलं की तिचं डोकंच फिरतं. सोसायटीच्या नव्या वॉचमनने बोर्डावरची पाण्याची जुनी वेळ पुसली म्हणून सेक्रेटरी ओरडले, तेव्हा ही जिन्यातूनच म्हणाली, "काका, वेळ बदलून वर्ष झालं. तुम्ही रोज वाचता ना तो बोर्ड?"

नोकरी करून ती आणखी तिघांसोबत मराठी टायपिंगचं एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळते. ते कुणीही फुकट वापरावं, कुणीही दुरुस्ती पाठवावी, या चौघांनी ती तपासून आत घ्यावी. नवखे साहजिकच बारीक कामं करतात. मेलेल्या लिंका काढतात, सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याच्या जुन्या सूचना सुधारतात. बोरीवलीच्या एका मुलीनं सूचनांमधली बंद पडलेली एक पायरी काढून पाठवली, तेव्हा बाकीचे तिघे वैतागले. असल्या किरकोळ दुरुस्त्या यापुढे घ्यायच्याच नाहीत, असं त्यांच्या मनात होतं. त्यावर ऑनलाइन मीटिंग झाली, तेव्हा मी ताईच्या घरीच होतो.

"हे काय काम आहे यार," तिघांतला सीनियर स्क्रीनवरून म्हणाला. "झाडू मारल्यासारखं."

"मग तू का नाही मारलास?" ताई म्हणाली. " लोक वर्षभर त्या पायरीवर अडकतायत."

"तपासायला वेळ कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. सगळ्या मला पाठव. दार बंद करायचं नाही."

सगळ्यांचं म्हणवणाऱ्या कामातही उंबरठा उंच करणारे असतातच. त्यांच्याविरुद्धची पत्रकं मी ढिगानं वाचलीत. ताईनं एकही वाचलेलं नाही. ती फक्त रोज ऑफिसआधी प्रत्येक दुरुस्ती तपासते, काय चुकलं ते समजावते, आभार मानते. त्यात तिचं स्वतःचं काम मागे पडलं. आत्याची नजर अधू झालीय. तिनं बोलावं आणि ते आपोआप टाईप व्हावं, अशी सोय ताईला करायची होती. आत्या मधूनच विचारायची, "झालं का गं माझं?" ताई आणखी एक फेरी मारायची.

परवा तिनं आत्याचं ते काम घाईघाईत पुरं करून तपासायला पाठवलं. आता तपासणाऱ्यांत बोरीवलीची ती मुलगीही आहे. थोड्या वेळात तिचं उत्तर आलं: "ताई, चालतंय झकास. पण सूचना लिहायच्या राहिल्यात, नवीन माणूस अडकेल. मी लिहून टाकू का?"

ताईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंतीकडची खुर्ची ओढली.

तो आवाज ऐकून आत्यानं आतून विचारलं, "कोण आलंय गं?"