कात्रीबाई आणि लोहमुखाचं मरण

तर तो माणूस रडत होता तो पोटातल्या सुरीसाठी नव्हे, सदऱ्यासाठी. "मावशी, नवा आहे हो, बटणं सोडा ना!" म्हणून हात जोडत होता. आणि कात्रीबाई खालच्या काठापासून गळ्यापर्यंत सदरा सर्रकन कापत म्हणत होती, "हे मारणाऱ्याला सांगायचं होतंस, बटणं सोडून मार म्हणून." माणूस जगला, सदरा गेला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या आल्या त्यानं पहिली चौकशी केली ती सदऱ्याची!

अशी ती बाई. सरकारी दवाखान्यातल्या अपघात विभागात सव्वीस वर्षं मावशी. डॉक्टर पोचायच्या आत जखमीच्या अंगावरचे कपडे उतरवायचे, हे तिचं काम. आणि उतरवायचे म्हणजे कापायचे. कमरेला बोथट टोकाची हातभर कात्री. यंत्रात दंड गेलेले, काचेवर आपटलेले, सख्ख्या मेहुण्यानं पहारीनं फोडलेले, सगळे तिच्या कात्रीखालून गेले. रक्त बघून तिचा चेहरा हलायचा नाही. हलायचा तो फक्त शुक्रवारी संध्याकाळी, टीव्हीवर ती आकाशातली मालिका लागली की.

चार वर्षं चाललेली मालिका ती. कुठल्याशा लाल ग्रहावरचा लोहमुख नावाचा सेनापती, लोखंडी मुखवट्याचा, भागाला दोन या हिशेबानं मुंडकी उडवायचा. या मालिकेच्या वेडापायी गावातल्या वीसेक शहाण्यांनी एक मंडळ काढलं होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी जमायचे आणि शुक्रवारच्या भागाची चिरफाड करायचे. कात्रीबाईला तिथं ओढून नेलं तिच्या धाकट्या भावानं. हा नळजोडणीवाला. आईवडील लवकर गेले, त्याला हिनंच वाढवलेलं. चाळिशीला टेकला तरी हिच्या हातची चापट खाणारा.

मंडळाचा कडवेपणा काय सांगावा! एकदा राणीच्या पाठीवर झगझगीत वस्त्राला चेन दिसली, तर तीन रविवार दुसरा विषय नाही. "लाल ग्रहावर चेनचा कारखाना आहे का?" एकदा लोहमुखाची तलवार भिंतीला लागून वाकली, तर लेथवाल्यानं जेवण सोडलं. लेथवाला म्हणजे कारखान्यात लेथवर काम करणारा, साडेसहा फुटी, मान नावाची वस्तू नसलेला माणूस. लोहमुख म्हणजे त्याचं दैवत. आणि शिंपी मास्तर? तो तर म्हणायचा, "यांच्या शिंप्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याला टाचणी धरायपासून शिकवतो."

मंडळानं वर्षातून एकदा वेश करून जमायचं ठरवलं, आणि इथं सगळा घोळ झाला. दुसऱ्याला नावं ठेवणाऱ्याला स्वतःच्या अंगावर खोट दिसून चालत नाही ना! मास्तरनं नळवाल्यासाठी राणीच्या अंगरक्षकाचा वेश केला: ट्रकची ताडपत्री, आतून रबर, वरून पत्र्याच्या चकत्या. चेन नाही, बटण नाही, बंद नाही. जमायच्या दिवशी सकाळी नळवाल्याला आत घालून डाव्या काखेपासून घोट्यापर्यंत शिवूनच टाकला.

"मास्तर, हा बाहेर कसा यायचा?" कात्रीबाईनं विचारलं.

"अंगरक्षक बाहेर येत नसतो, बाई. दुहेरी टाका आहे, दाभणानं घातलाय. बैल लावले तरी उसवायचा नाही."

"आणि लघवीला?"

"ताई, चारचौघांत काय बोलतेस!" भाऊ मुखवट्यातून ओरडला.

लेथवाल्यानंही कसर ठेवली नव्हती. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची तलवार स्वतः घासून आणली होती. कागद हवेत धरून कापून दाखवला, टाळ्या घेतल्या. एकालाही वाटलं नाही की बाबा, ही खरी आहे.

आता नेमकं आदल्या शुक्रवारी काय झालं होतं? लिहिणाऱ्यांनी लोहमुखाला मारलं. रणात नाही, बिछान्यात, जुलाबानं. सबंध मंडळाला हा घाव बसला होता. लेथवाला दोन दिवस कामावर गेला नव्हता.

"चार वर्षं उभी केलेली गोष्ट," तो म्हणाला, "आणि हा शेवट? हा विश्वासघात आहे."

"का रे?" नळवाला म्हणाला. "सेनापतीला पोट नसतं? मला तर पटलं. जगाची मुंडकी उडवली आणि स्वतः मोरीपर्यंत पोचला नाही."

"तोंड सांभाळ."

"त्यानं कुठं काय सांभाळलं?"

खोली हसली. हसणं ऐकून नळवाल्याला चेव आला. पोट धरून जमिनीवर लोळला, पाय झाडले, "पाणी आणा रे, लोहमुखाचं लुगडं भरलं!" म्हणून किंचाळला. लोक भिंती धरून हसायला लागले. लेथवाल्याच्या कपाळाची शीर तटतटली. त्यानं तलवार उचलली आणि लोळणाऱ्या माणसाच्या डाव्या मांडीत, जांघेच्या चार बोटं खाली, ताडपत्री फोडून हाडापर्यंत ढकलली. आणि घाबरून लगेच उपसली. उपसायलाच नको होती.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग त्या भोकातून रक्त उसळलं, ठोक्याठोक्याला, पिचकारीसारखं. समोरच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीला उडालं. "रंग आणलास होय रे?" म्हणून एकजण हसला आणि त्याच्याच ओठांवर शिंतोडा आला, तेव्हा चव कळली.

मग उसळली गर्दी. तलवार कुणी तरी खिडकीबाहेर फेकली, खुर्च्या उठल्या. पहिली लेथवाल्याच्या पाठीवर मोडली, दुसरीनं नाक फुटलं. कुणी तरी सायकलचा पंप त्याच्या बरगडीत घातला. तो पडला, लाथा खात राहिला, हातसुद्धा वर केला नाही.

कात्रीबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती भावाच्या मांडीवर गुडघा रोवून कात्री चालवत होती. सव्वीस वर्षांत चामडी पट्टे कापलेली कात्री त्या रबरावरून घसरत होती. चकतीला अडली, वाकली, आणि तिचं पातं खिळ्यापाशी तुटलं. वरून दाबावं तर पत्रा मध्ये. जांघेतली नस उघडी पडल्याशिवाय दाबता येईना. अशी माणसं किती वेळ टिकतात, हे त्या खोलीत तिला एकटीला ठाऊक होतं. लोळताना मुखवटा निसटलेल्या भावाचे ओठ पांढरे पडले होते आणि तो म्हणत होता, "ताई, थंडी वाजते गं."

"मास्तर!" ती ओरडली. "उसव!"

मास्तर भिंतीला चिकटून उभा. "दु... दुहेरी टाका आहे, बाई. दाभणाचा."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलणारे नवरे आणि सासवा ती रोज बघायची. ताडकन उठली, मास्तरच्या थोबाडीत अशी दिली की चष्मा जिन्यापर्यंत गेला, आणि तुटकं पातं त्याच्या गळ्यावर टेकवलं. "खरं बोल, नाहीतर आज दोन मढी जातील इथून."

"साखळी टाका आहे!" मास्तर रडायला लागला. "पोती शिवायच्या हातयंत्रानं घातलाय. शेवटची गाठ काखेत आहे. ती कापून दोरा ओढला की..."

ज्यानं चार वर्षं दुसऱ्यांच्या शिवणीला हसून घेतलं, त्यानं स्वतः धान्याच्या पोत्याचा टाका घातला होता! पण हसतंय कोण? बाईनं काख चाचपली, गाठ कापली, दोरा मुठीला गुंडाळून ओढला. तर्रर्र करत शिवण घोट्यापर्यंत सुटली आणि अंगरखा पोत्यासारखा उघडला.

तिनं मूठ जांघेत रोवली. रक्त कमी झालं, थांबलं नाही. पन्नाशीच्या बाईचं वजन ते कितीसं!

"सोडा त्याला!" ती लाथा घालणाऱ्यांवर गरजली. "मला तो जिवंत पाहिजे. ए लेथवाल्या, इकडे ये. रांगत ये."

तो रांगत आला. नाकाच्या जागी लगदा, एक डोळा मिटलेला.

"मूठ इथं ठेव. माझ्या मुठीच्या जागी. आता सगळं वजन टाक. हाड लागेपर्यंत. हललास तर तुझी नस कापीन."

त्यानं वजन टाकलं. उसळी थांबली. त्याच्या नाकातलं रक्त नळवाल्याच्या पोटावर ठिबकत होतं, आणि तो "मेलास तर बघ, मेलास तर बघ" एवढंच पुटपुटत होता. दवाखान्याची गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. जिन्यावरून उतरवताना, गाडीत, शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत त्यानं मूठ काढली नाही. शेवटी दोन वॉर्डबॉयनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. आखडली होती.

दुपार टळली. आत नस शिवून झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पाय राहील, माणूसही राहील. कात्रीबाई बाकावर बसली होती, कोपरापर्यंत वाळलेलं रक्त. बाकाच्या दुसऱ्या टोकाला हातकडीतला लेथवाला. मध्ये हवालदार, मांडीवर कागद.

"बाई," हवालदार म्हणाला, "माझं डोकं चालेना. अर्धे म्हणतात यानं मारलं, डॉक्टर म्हणतात यानं वाचवलं. तुम्ही सख्खी बहीण. मी नेमकं काय लिहू?"

"दोन्ही लिहा. आधी भोसकलं ते आधी लिहा, मग दाबून धरलं ते लिहा, आणि एकापायी दुसरं खोडू नका. आणि आटपा लवकर, भाऊ शुद्धीवर येतोय, मला त्याच्या दोन थोबाडीत द्यायच्या आहेत."