बावीस जागांची वाट

अख्ख्या बहारीनमध्ये जमीन वाचत चालणारा माणूस एकच, आमच्या मुलांच्या शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हरमामा. बाकी सगळे मोबाइल वाचत चालतात.

मामा कर्जतच्या वरच्या डोंगरातले ठाकर. ईसा टाउनच्या फुटपाथवरसुद्धा दोन झुडपांच्या मधून जाणार नाहीत, वळसा घालतील. का, तर मधली वाट जनावराची. एकदा त्यांना झल्लाकच्या समुद्रकिनारी सहलीला नेलं, तर गाडी लावून हे वाळूत उकिडवे! "वहिनी, दोन तित्तर गेलेत. नर पुढं. मादी लंगडते." मी म्हटलं, "मामा, वडे गार होतायत, मादीला नंतर बघा." माझा मुलगा त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारी आणि हे मराठीत अर्धा अर्धा तास समजावत. दोघांचं कसं जमायचं देव जाणे.

व्हॅनच्या आधी ते हिद्दच्या एका गोदामात होते. तिथे उंदीर फार, म्हणून मामांनी नायलॉनच्या दोरीचे फास लावले, आणि सकाळी पहिल्याच फासात सुपरवायझरच्या पायाचा अंगठा! माफी मागायची सोडून हे म्हणतात, "साहेब, ही उंदराची वाट हाय, तुमी हितं कशाला आलात?" नोकरी खलास. मग व्हॅनवर आले.

पण घरच्या वाटेचा विषय निघाला की हाच माणूस गंभीर होई. त्यांच्या पाड्यावर प्रत्येक घराची डोंगरात स्वतःची वाट असे, आणि तिच्यावर फास लावायच्या ठरलेल्या जागा. मामांच्या घरच्या बावीस. दुसऱ्याच्या वाटेवर कुणी पाऊल टाकायचं नाही. आता शिकारीला बंदी आहे. तरी म्हातारे वडील दोरी न घेताच रोज वाट चालून येत, नाहीतर ती बुजते म्हणून. मामांना तेरा जागा ठाऊक होत्या. उरलेल्या नऊ शिकायच्या आधीच ते इकडे आले. दर शुक्रवारी फोनवर विचारत, "बाबा, सांग ना पुढच्या." आणि बाबा उखडत, "फोनवर सांगाया ती काय बाजाराची यादी हाय? घरी ये."

दोनदा लीव्ह मंजूर झाली, दोनदा मामांनीच पुढे ढकलली. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, फी भरायची होती. त्यात मीही शहाणपणा केला, "आणखी सहा महिने काढा, मग निवांत जा." ते बोलणं मला आजही खुपतं. त्या सहा महिन्यांतच वडील गेले. मामा पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

पंधरा दिवसांनी परत आले. मी चहा दिला आणि न राहवून विचारलं, "वाट सापडली का हो?"

"तेराव्या जागेपत्तूर गेलो. पुढं नुसती करवंदीची जाळी. वाकून वाकून बघितलं, बाबाचं पाऊल दिसंल म्हणून. पावसानं धुतलेलं सगळं. दिवसभर तिथंच बसलो."

"अहो, पाड्यावर कुणाला तरी माहीत असेल ना!"

मामा कीव आल्यासारखे हसले. "दुसऱ्याच्या वाटेवर कोण जातोय, वहिनी?"

शाळा सुटायची वेळ झाली होती. मामांनी कप विसळून उपडा ठेवला, चपला घातल्या, आणि दारात थांबून, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "आता मला ठावं हाय, तेवढीच वाट."