खोबरेल आणि दारावरचा स्टिकर

खोबरेल तेलाचा वास आला की मला परदेशातल्या, एनिस गावातल्या आमच्या घराचं दार आठवतं. लॉकडाऊनमधली पहिली दिवाळी. आम्ही दोघींनी खिडकीत आकाशकंदील लावला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दारावर कुठल्याशा गोऱ्या कट्टरांच्या टोळीचा स्टिकर होता: 'हा देश फक्त गोऱ्यांचा.' मी म्हणाले, "पोलिसांत जाऊ या." ती पडद्याआडून रस्ता बघत म्हणाली, "आणि त्यांनी विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण, तर?" सगळ्या गल्लीला आम्ही रूममेट म्हणूनच माहीत होतो. मेल्यांनी तो चिकटवलाही असा की नखानं निघेना, म्हणून आईची युक्ती आठवून मी खोबरेल चोळलं आणि सुरीनं खरवडू लागले. तेवढ्यात पाठीमागे पावलं थांबली. सुरी मुठीत आवळून मी वळले, तर फाटकाशी मास्क लावलेल्या शेजारच्या आजी. "टोपीवाला होता, मी पाहिलंय त्याला. चल, पोलिसांना मी सांगते," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "तुझी बायको फार घाबरली नाही ना?" माझ्या बोटांवरून तेल ओघळत राहिलं. आई मात्र अजूनही फोन ठेवताना विचारते, "तुझी रूममेट बरी आहे ना गं?"