भावोजींचा हिरवा रस

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवताहेत. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, भावोजी शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक. दिवसाचे नऊ तास बसून, आणि घरी आल्यावर टीव्हीसमोर पुन्हा बसून. वजन एकशे चार किलोवर गेलं तोवर गाडीची ती सीट एका बाजूला कलंडली होती. भावोजींनी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाकडे तक्रार केली ती सीटची.

मी एका लॅबमध्ये रक्त घेते. बावीस वर्षं तेच काम. दंडाला पट्टा बांधून शीर शोधताना माणसं उगीचच खुलासे करतात. काल काही गोड खाल्लं नाही, परवा फक्त एक घास खाल्ला, असं काहीबाही. भावोजींनीही केला. उपाशीपोटी साखर दोनशे बारा निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, असंच चालू ठेवलंत तर पाच वर्षांत डोळे आणि पाय यांचं काय होईल ते मी बोलून दाखवत नाही. भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. पळायलाच हवं होतं.

मग त्यांनी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि एका रविवारी जाहीर केलं की आजपासून मटण, मासे, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. फक्त झाडाझुडपांपासून येतं तेवढंच खायचं. तळण नाही, साखर नाही, मैदा नाही.

जाहीर त्यांनी केलं, राबली ताई. ती पोस्टात काउंटरवर बसते. रोज पहाटे पाचला उठून कडधान्यं शिजवायची, भाज्या चिरायच्या, दाणे भिजत घालायचे, सोयाबीनचं दूध काढून फडक्यातून पिळायचं, आणि मग साडेआठची बस. संध्याकाळी परत तेच. भावोजी सांगताना म्हणायचे, "मी माझा आहार बदलला." जसं काही ते घेवडे स्वतःहून सोलले जात होते.

आता खरं ते सांगते, कारण माझं काम आकड्यांचं आहे. आठ महिन्यांत त्यांचं एकवीस किलो वजन उतरलं. साखर एकशे आठवर आली, कोलेस्टेरॉल खाली आलं, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. रिपोर्ट मीच छापला. मान्य करायला जिवावर आलं, पण जेवणाचा गुण आला होता.

जेवणाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माणसाबद्दल आहे.

पोट आत गेलं तशी त्यांची जीभ बाहेर आली. गाडीत बसलेला शिकाऊ माणूस म्हणजे हक्काचा श्रोता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, घामाघूम झालेला, समोरून ट्रक येतोय, आणि हे शेजारून विचारणार, "सकाळी काय खाल्लंत?" बिचारा ऑम्लेट म्हणाला की पुढचे तीन चौक त्यालाच धरून. शिकायला येणाऱ्या मुलांनी त्यांना पालकगुरुजी नाव ठेवलं. मला ते एका मुलीनं रक्त देता देता सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं की ते माझे भावोजी. मीही सांगितलं नाही, लाज वाटली.

लोकांना ते सांगायचे, "एकाही गोळीवर नाही मी." अर्धी गोळी साखरेची आणि एक बी-बाराची, दोन्ही ताई त्यांना रोज नाश्त्याला देत होती. त्यांच्या लेखी अर्धी गोळी म्हणजे गोळी नव्हे आणि बी-बारा म्हणजे जीवनसत्त्व.

त्यांच्या इमारतीतले एक गृहस्थ हृदयविकारानं गेले. आम्ही भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी सोफ्यावर बसलेल्या, मुलगी त्यांचा हात धरून. भावोजी पुढे वाकून म्हणाले, "मी त्यांना लिफ्टमध्ये दोनदा सांगितलं होतं, लोणी सोडा." त्या बाईंनी यांच्याकडे फक्त बघितलं. खाली उतरल्यावर ताई म्हणाली, "तुम्हाला नेत नाही मी पुन्हा कुठे." तर हे म्हणाले, "खरं बोललेलं लोकांना झोंबतं." त्या दिवसापासून माझ्या मनातून ते साफ उतरले.

तरी इथवर नुसता आगाऊपणा होता. पुढचं तसं नाही.

भावोजींची मोठी बहीण, सगळे त्यांना अक्का म्हणतात, दोन रस्ते पलीकडे एकट्या राहतात. निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची मूत्रपिंडं तीन वर्षांपासून अधू झाली आहेत. अशा माणसाच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि साठलं की हृदयाचा ठोका चुकतो. म्हणून अक्कांना सांगितलं होतं की पालेभाजी, बटाटा उकळून पाणी फेकून द्या, केळी, संत्री, टोमॅटो जपून. अक्का शिस्तीच्या. स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर तो कागद चिकटवलेला होता आणि त्या तो पाळत होत्या.

एके दिवशी भावोजी तिथे गेले आणि अक्कांना भाजीचं पाणी मोरीत ओतताना बघितलं.

"अक्का, सगळं सत्त्व फेकून देतेस तू. मग अंगात काय राहणार?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर मलाही गोळ्या खा म्हणत होते. माझ्याकडे बघ."

अक्कांनी बघितलं. एकवीस किलो कमी झालेला भाऊ समोर उभा होता. त्या मला नंतर म्हणाल्या, "पुरावाच समोर होता गं, काय बोलणार."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पहिल्या शिकवणीच्या आधी भावोजी थर्मास घेऊन हजर. पालक, टोमॅटो, केळं, संत्र्याचा रस, सगळं कच्चं वाटून. वर नेहमीचं मीठ बंद करून कमी सोडियमचं म्हणून विकतात ते मीठ आणून दिलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. पुड्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. जगाला सल्ला देणाऱ्या माणसाला पुडा उलटा करून वाचायला सवड झाली नाही.

दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी अक्का ठरलेल्या तपासणीसाठी लॅबमध्ये आल्या. दोन पायऱ्या चढून त्यांना थांबावं लागलं. "पायांत जीवच नाही," म्हणाल्या. नाडी बघितली तर मंद आणि मध्येच अडखळणारी. मी रक्त घेतलं आणि ते रांगेत न ठेवता स्वतः मशीनवर लावलं. पोटॅशियम सात पूर्णांक एक. नमुना बिघडला असेल म्हणून दुसऱ्या हातातून पुन्हा घेतलं. तेवढंच आलं. साडेपाचच्या वर गेलं तरी आम्ही डॉक्टरांना फोन करतो.

मी फोन केला, रुग्णवाहिका बोलावली आणि त्यांच्याबरोबर गेले. वाटेत विचारलं, "अक्का, वेगळं काय खाल्लंत?" त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी त्यांना इंजेक्शनं दिली, छातीला तारा लावल्या, आणि संध्याकाळी डायलिसिस करावं लागलं. भावोजी शिकवणी सोडून आले. वॉर्डबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांना आकडा सांगितला.

"पण ते सगळं नैसर्गिक होतं," ते म्हणाले.

"पोटॅशियमपण नैसर्गिकच आहे, भावोजी."

"मी तिचं वाईट व्हावं म्हणून थोडंच केलं?"

"नाही. तुमचं कौतुक व्हावं म्हणून केलंत."

ताई शेजारीच होती. मला वाटलं ती मला गप्प करेल. ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

मूत्रपिंडाचे डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, आवाज न चढवता बोलले. "तुमचं जेवण चांगलं आहे, तुमच्यासाठी. यांनाही भाज्या-डाळी खाता येतील, पण मोजून आणि आम्हाला विचारून. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं बोललो असतो." भावोजी मान हलवत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कुणाचं पूर्ण ऐकून घेताना मी पहिल्यांदा बघितलं.

तिसऱ्या दिवशी अक्का उठून बसल्या. भावोजी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून काहीतरी पुटपुटले. अक्का म्हणाल्या, "लहानपणी माझ्यापुढे अभ्यासाला बसायचा नाहीस. आता मी दहा दिवस तुझ्यापुढे बसले. पुरे झालं." आणि पाणी मागितलं. तेही मोजूनच मिळत होतं.

त्याच आठवड्यात ताईनं त्यांना सांगितलं की उद्यापासून पहाटेचा स्वयंपाक तुमचा. भांडली नाही. चाकू आणि भाजी चिरायची फळी त्यांच्या हातात दिली आणि साडेसहापर्यंत झोपली. तिचंही नऊ किलो वजन उतरलं होतं, रक्तदाब सुधारला होता. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

भावोजी सुधारले असं मी म्हणणार नाही. गाडीत अजून बोलतात. फक्त शेवटी "तुमच्या डॉक्टरांना विचारा हं" असं जोडतात, तेही इतक्या घाईनं की ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यांच्या हातचे वाटाणे कधी कच्चे, कधी लगदा. मी त्यांच्याकडे जेवायला जायचं टाळते.

पण महिन्याभरापूर्वी ते लॅबमध्ये आले, काउंटरवर इतर लोकांसमोर उभे राहिले आणि विचारलं, "दुधी उकळून पाणी टाकून द्यायचं, की नुसता धुतला तरी चालतो? अक्काला रविवारी डबा न्यायचाय." हातात वही होती. मी म्हटलं, हे मला नाही, अक्कांच्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारायचं. मी नंबर दिला. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, "हो मॅडम, किती वेळ, मॅडम," असं म्हणत भिंतीला टेकून लिहून घेतलं, आणि पान एकदा वाचून दाखवून खात्री करून घेतली.

माझा राग गेलेला नाही. त्या रविवारी मी अक्कांकडे गेले, तेव्हा त्या टेबलाशी बसून तो डबा खात होत्या. फिकट, बेचव, पांढरा दुधी. मी विचारलं, कसा झालाय. त्या म्हणाल्या, "वाईट," आणि डबा संपवला.