मार्कंड्याखाली उभी जहाजं

रविवार, १८ जानेवारी. ठिकाण : ऊर्जानगर, दादाचं क्वार्टर. हजर : सुधाकरदादा, सुनंदावहिनी, मी. गैरहजर : कोणी नाही.

टिपणं ठेवायची मला सवय आहे, म्हणून हे जसंच्या तसं देता येतं. त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर उभी होते. "तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली... आजार हिवाळाभर चालू होता, तरी त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आली ती नदीतली जहाजं.

दादा वीज केंद्रात नोकरीला होता. संगणकावर जगाचा नकाशा घेऊन राज्यं चालवायचा एक खेळ असतो. त्यासाठी तो जुन्या काळाची मांडणी तयार करत होता. खेळाच्या मूळ नकाशात वैनगंगेच्या दोन काठांचे आपले दोन्ही जिल्हे म्हणजे एक हिरवा डाग, आणि त्यावर लिहिलेलं ‘निर्जन’. ते पाहून तो त्या दिवशी धड जेवला नव्हता. चांद्याचं गोंड राज्य जसं होतं तसं त्याला तिथं बसवायचं होतं, आणि मग ती मांडणी जगभरच्या खेळाडूंना खुली करायची होती.

दर रविवारी आम्ही ती खेळून तपासायचो. मी नागपूर, वहिनी चांदा, दादा मागे खुर्चीत शाल घेऊन. सुरुवातीला त्यानं चांद्याला हात सैल सोडून हत्ती, लोखंड, किल्ले दिले, तर संध्याकाळपर्यंत वहिनीचं सैन्य रोमला पोचलं. ती चहाला उठेना. दादानं सगळं पुसून टाकलं. "खोट्यानं जिंकून मले काय करायचं हाये?" मग त्यानं इतकी कात्री लावली की वहिनीची भाजी शिजायच्या आत चांदा पडायला लागलं. बहिणीलाच बरं सैन्य देता, असं ती त्याला ऐकवायची. मी म्हणायचे, शेवटी पडणारच ना, इतिहासातच तसं आहे. त्यावर तो एकदा हळूच म्हणाला, "पडू दे ना वंदे. पण आपल्या येळेच्या आधी काऊन पडावं?"

तेव्हा त्याचं डायलिसिस सुरू झालं होतं.

शेवटच्या रविवारी त्याला वैनगंगेतून सागवान खाली सोडायचं होतं. पूर्वी लाकूड तसंच जायचं. पण खेळात नदी म्हणजे नुसती रेघ, तिच्यावरून काही वाहत नाही. म्हणून त्यानं नदी खाली थेट मुखापर्यंत समुद्राच्या रंगानं भरली. चांद्याला उत्पन्न मिळालं, आणि माझं सैन्य पहिल्यांदाच वेशीबाहेर अडकलं. इतक्यात खालून, गोदावरीतून, प्राणहितेतून, कुठल्या कुठल्या देशांची जहाजं वर येऊ लागली. समुद्र दिसला की ती शिरणारच. मार्कंड्याच्या देवळाखाली त्यांनी नांगर टाकले. जिथं जत्रेला आम्ही गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन चालायचो, तिथं पांढरी शिडं उभी. खिडकीतून ऊन पडद्यावर आलं होतं, त्यात ती हलल्यासारखी वाटत होती. दादा किती दिवसांनी हसला.

"चूक हाये हे," तो म्हणाला. "लिहून ठेव. पण आज राहू दे. पुढच्या रविवारी काढू."

परवाच्या रविवारी वहिनीनं संगणक लावला. शाल खुर्चीवरच आहे. नदीची पुन्हा रेघ केली तर जहाजं जातील, पण चांदा आधीसारखंच लवकर पडेल. जंगलातून खरं उत्पन्न किती आणि कसं द्यायचं, ते तो सोडवत होता. आणि नदी अशीच ठेवून मांडणी खुली केली, तर ते त्याला चाललं नसतं.

"बाई, तुमची पाळी हाये," वहिनी म्हणाली. तिनं चांद्याचे दरवाजे बंद करून घेतले होते. मी सैन्य जागचं हलवलं नाही.

क्वार्टर सोडायच्या आधी उरकायच्या कामांवर एकेक खूण झाली आहे. एकच राहिलं आहे : वैनगंगेतली जहाजं काढणे.