आजीचा उघडा चेहरा

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी उदगीरच्या एका फोटो स्टुडिओत आमच्या आजीला चेहरा मिळाला. तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तिचा एकच फोटो होता. बहात्तरच्या दुष्काळात मुखेडकडच्या रस्त्याच्या कामावर मोठे साहेब आले, तेव्हाचा. मधे खुर्चीत हार घातलेले साहेब. मागे हजेरी कारकून, म्हणजे माझे वडील. उजव्या कडेला घमेली घेतलेल्या बाया, त्यांत आजी. साहेबांसोबतच्या रांगेत आजीचे थोरले दीर उभे होते. भासऱ्यापुढे तोंड झाकायचं ही रीत. आजीने पदर नाकाखाली ओढला आणि कॅमेऱ्याला फक्त हात मिळाला. कामावरल्या बायांत आपली आई आहे, असं वडिलांनी साहेबांना सांगितलं का, हे कोणी सांगत नाही.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत वडिलांची बदली झाली. लातूरला इतर कारकुनांच्या घरी भिंतीवर आईबापांचे फोटो होते. आमच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. वडिलांनी तो फोटो स्टुडिओत नेला. फोटोवाला म्हणाला, पदर वर घेता येईल, पण खालचं तोंड कुठून आणू? त्यांच्यासारखं दिसणारं कोणी आहे का?

आत्या होती. पण ती देगलूरला दिलेली, तिला बोलवायचं म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडणार. काका घरातच होते आणि आपण आईच्या वळणावर गेलो असं त्यांचं लहानपणापासूनचं मत होतं. त्यांनी स्वतःचा फोटो दिला. फोटोवाल्याने मिशा काढल्या, पदर मागे सारला, नथ घातली. पदर धरलेला हात आता बिनकामाचा झाला होता. तो त्याने पुसला.

मोठी फ्रेम घरी आली. आजीला पाहिलेले सगळे म्हणाले, अगदी हुबेहूब. न पाहिलेलेही म्हणाले.

फोटो बदलल्यावर गोष्टही बदलली. पूर्वी गोष्ट अशी होती की भासऱ्यामुळे आजी कॅमेऱ्यात आलीच नाही. आता काका सांगू लागले की तिने पदर मागे टाकला आणि साहेबांना थेट विचारलं, मजुरी कधी देता? दर सांगण्यात साहेब थोडे अधिक घाबरत गेले.

त्या वर्षी आजीच्या स्मृतिदिनाला आत्या दोन मुलींना घेऊन आली. मुलींनी आजीला पाहिलं नव्हतं. आजी दाखवते, असं सांगूनच तिने त्यांना आणलं होतं. वंदना झाली. काकांनी गोष्ट सांगितली. आत्या फ्रेमपुढे उभी राहिली, मग वळून तिने काकांकडे पाहिलं.

"मिशा बऱ्या काढल्या तुझ्या," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. वडील म्हणाले, सगळ्यांना पटलंय, तुलाच कसं पटत नाही?

"थोरला चुलता रांगेत होता, दादा. त्याच्यापुढं तिनं जन्मात तोंड उघडं टाकलं न्हाई. अन् हात कुठाय तिचा?"

कसला हात, वडिलांनी विचारलं.

"मनगटावर विंचू गोंदला होता. तेवढीच आई हाय त्या फोटोत. माझ्या पोरींनी काय ह्याला आजी म्हणायचं?"

तिने जुना फोटो मागितला. तो स्टुडिओतच राहिला असेल, वडील म्हणाले. आणि एवढा मोठा केलेला असताना तो मळका कागद कशाला? आत्या जेवून उठली.

दुसऱ्या दिवशी देगलूरला जाताना ती मुलींसह उदगीरला उतरली. फोटोवाल्याला फोटो ठेवून घ्यायचं काही कारण नव्हतं. त्याने दिला.

पुढच्या खेपेला आत्याचे यजमान लातूरला आले, त्यांनी वडिलांच्या हातात एक पाकीट दिलं. आत कात्रीने सरळ कापलेला अर्धा फोटो होता. हार घातलेले साहेब, मागे वडील. सोबत तोंडी निरोप होता, "साहेब तुमचे. तुम्हीच ठेवा."

वडिलांनी त्यालाही फ्रेम केली. दोन्ही फ्रेमा लातूरच्या बैठकीत शेजारी-शेजारी आहेत. उरलेला अर्धा देगलूरला आत्याच्या थोरल्या मुलीकडे आहे. त्यात काही बाया आहेत, घमेली आहेत आणि उजव्या कडेला पदर धरलेला एक हात आहे. मनगटावरचा विंचू दिसतो.